कथाप्रधान भूमिकाखेळ : खेळाडूंची अभिमते

कथाप्रधान भूमिकाखेळ हा संगणकाच्या, दूरचित्रवाणी संचाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खेळावयाचा, बहुधा अद्‌भुतरम्य कथेवर आधारलेला खेळप्रकार होय. यात खेळाडू कथेतील एका पात्राची भूमिका स्वीकारतो. त्या पात्राच्या वतीने तो कल्पित प्रदेशात हिंडतो, लढतो, इतर पात्रांशी संभाषण करतो व प्रसंग पडेल त्याप्रमाणे निर्णय घेतो. या कृतींमुळेच कथा पुढे सरकते. गुण मिळविणे वा प्रतिस्पर्ध्यास हरविणे हे अन्य खेळांतील उद्दिष्ट येथे गौण असते. कथेचा शेवट गाठणे व तो कोणत्या मार्गाने गाठला, यास महत्त्व असते.

या खेळांविषयी खेळाडू जी अभिमते व्यक्त करतात, त्यांचे स्वरूप ग्रंथ वा चित्रपट यांच्या समीक्षेहून वेगळे आहे. कादंबरीच्या वाचकास नायकाची चूक दिसली, तर तो तिचा दोष नायकास वा लेखकास देतो. भूमिकाखेळात तो निर्णय खेळाडूने स्वतः घेतलेला असतो. त्यामुळे त्याचे अभिमत हे अंशतः स्वतःच्या वर्तनाविषयीचेही असते. शिवाय एकाच खेळात दोन खेळाडूंच्या वाट्यास आलेली कथा पुष्कळदा सारखी नसते. या दोन कारणांमुळे ही अभिमते परस्परविरोधी वाटली, तरी ती एकाच वेळी खरी असू शकतात. ती वाचताना खेळाडूने काय पाहिले याबरोबर त्याने काय केले, हेही लक्षात घ्यावे लागते.

पूर्वपीठिका : सोंग घेऊन कथा खेळण्याची कल्पना मराठी प्रदेशास नवी नाही. उत्तरेस मंडणगडपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत पसरलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात नमन सादर करणाऱ्या कलावंतांना ‘खेळे’ असेच म्हणतात. शिमग्याच्या दिवसांत हे खेळे मृदंग व टाळ यांच्या साथीने गण, गौळण व पुढे कथाभाग सादर करतात. वेद चोरणाऱ्या शंखासुराच्या कथेतून आलेला संकासुर हा काळ्या वेषातील व उंच टोपीचा सोंगाड्या कोकणातील आबालवृद्धांच्या परिचयाचा आहे. दक्षिण कोकण व गोवा येथील दशावतारात तर कथानक परंपरेने ठरलेले असले, तरी संवाद लिहिलेले नसतात. ते नट रंगमंचावर प्रसंगानुसार रचतो.

या परंपरांत कथा प्रेक्षकांस आधीच ठाऊक असते. त्यामुळे गावाचे अभिमत ‘काय घडले’ याविषयी नसून ‘कसे खेळले’ याविषयी असते, आणि ते खेळ्याच्या तोंडावरच व्यक्त होते. संगणकीय भूमिकाखेळात खेळे व प्रेक्षक या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे येतात. दशावतारी नटास जे शब्दांचे स्वातंत्र्य असते, ते मात्र येथे मर्यादित असते. निर्मात्यांनी आधी लिहून ठेवलेल्या उत्तरांपैकीच एक खेळाडूस निवडावे लागते. ही मर्यादा किती जाणवते, यावर खेळाडूंचे समाधान बरेचसे अवलंबून असते.

इतिहास : आधुनिक भूमिकाखेळाचा आरंभ अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळापासून धरतात. त्यात एक सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, खेळाडू आपापल्या पात्राची कृती सांगतात व यशापयश फाशांवर ठरते. पुढे हीच रचना संगणकावर आली. ‘अल्टिमा’ व ‘विझर्ड्री’ हे १९८१ मधील खेळ या प्रकाराचे आद्य नमुने होत. जपानमध्ये यूजी होरी यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) व पाठोपाठ ‘फायनल फँटसी’ (१९८७) यांनी या प्रकारास लोकप्रियता मिळवून दिली.

खेळाडूंच्या अभिमतामुळे खेळाचा आशयच बदलल्याचे एक महत्त्वाचे उदाहरण या आरंभीच्या काळातील आहे. ‘अल्टिमा’ मालिकेचे कर्ते रिचर्ड गॅरियट यांना तिसऱ्या भागानंतर खेळाडूंची पत्रे थेट मिळू लागली. आपल्या खेळात लोक चोऱ्या करून व निरपराध पात्रांस मारून झटपट पुढे जातात, हे त्यांना या पत्रांवरून कळले. यातून त्यांनी १९८५ मध्ये चौथा भाग रचला. त्यात अंती मारावयाचा कोणी खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग इ. आठ सद्‌गुणांत पूर्णत्व मिळविणे हेच खेळाडूचे ध्येय आहे. अंध दुकानदारास कमी पैसे देऊन फसविले, तर त्या क्षणी काही घडत नाही. परंतु त्याची नोंद होते व पुढे सद्‌गुणांच्या वाटेवर ती आड येते. अशा पूर्ण पुरुषास गॅरियट यांनी ‘अवतार’ हे संस्कृत नाव दिले. पडद्यावरील पात्र खेळाडूचे प्रतिरूप असते, या अर्थाने हा शब्द पुढे संगणकाच्या परिभाषेत रूढ होण्यास या खेळाचा हातभार लागला.

अभिमतांचे विषय : खेळाडूंच्या अभिमतांत पुढील विषय वारंवार आढळतात.

(१) कथा व पात्रे : या विषयावरील अभिमते सर्वांत उत्कट असतात. ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) या जपानी खेळात एरिथ ही नायकाची सहकारी कथेच्या मध्यासच मारली जाते. तोवर खेळाडूने तिला शस्त्रे दिलेली असतात, तिच्या शक्ती वाढविलेल्या असतात व तिच्या साहाय्याने लढाया जिंकलेल्या असतात. ही सारी मेहनत एका क्षणात व्यर्थ होते. तिला परत आणण्याची एखादी गुप्त युक्ती खेळात आहे, अशा वदंता खेळाडूंमध्ये दीर्घकाळ पसरत राहिल्या. कथेतील मृत्यू खेळाडूस स्वतःच्या हानीप्रमाणे जाणवतो, याचे हे उदाहरण नेहमी दिले जाते.

(२) निवड व परिणाम : आपण घेतलेल्या निर्णयाने खरोखर काही बदलते काय, ही या खेळांची मुख्य कसोटी मानली जाते. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा ‘द विचर ३’ (२०१५) हा खेळ आंद्रेइ सापकोव्हस्की यांच्या कथांवर आधारलेला आहे. त्यातील एका मद्यपी गढीदाराचे उपकथानक खेळाडूंनी विशेष वाखाणले. झाडाच्या मुळाशी कोंडलेल्या एका आत्म्यास मुक्त करावे की नष्ट करावे, हे खेळाडूस ठरवावे लागते. मुक्त केल्यास अनाथ मुले वाचतात, पण गढीदाराची पत्नी मरते व तो स्वतः गळफास घेतो. नष्ट केल्यास पत्नी भ्रमिष्ट अवस्थेत जगते, परंतु मुले वाचत नाहीत. परिणाम त्वरित कळत नाही आणि कोणताही पर्याय निष्कलंक नसतो. जेथे एक उत्तर उघड चांगले व दुसरे उघड वाईट असते, किंवा कोणतेही उत्तर निवडले तरी पुढचे संभाषण तेच राहते, तेथे खेळाडू ‘निवड खोटी आहे’ असा आक्षेप घेतात.

(३) लढाई व हाताळणी : उत्तम कथेस सदोष हाताळणी मारक ठरते की नाही, यावर खेळाडूंत एकमत नाही. ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’ (१९९९) या अमेरिकन खेळाचा नायक स्मृती गमावलेला व मरण नसलेला पुरुष आहे. या खेळातील लिखित मजकूर एखाद्या मोठ्या कादंबरीहूनही अधिक भरतो. त्यातील लढाया नीरस आहेत, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. तरीही या प्रकारातील श्रेष्ठ लेखन म्हणून त्याचाच उल्लेख होतो. आरंभी त्याचा खप बेताचाच होता, हेही येथे लक्षणीय आहे. ‘द विचर ३’ मधील नायकाच्या हालचाली जड आहेत, अशी तक्रार आल्यावर निर्मात्यांनी काही आठवड्यांतच हालचालींची पर्यायी पद्धत उपलब्ध करून दिली.

(४) लांबी व गती : पाच-सहा तासांत संपणारा खेळ काहींस अपुरा वाटतो, तर शंभर तासांच्या खेळातील बराचसा भाग निरोप पोहोचविणे, वनस्पती गोळा करणे अशा पोटकामांनी भरलेला असतो, अशी तक्रार इतरांची असते. दिलेल्या किमतीचा मोबदला तासांत मोजावा की अनुभवाच्या सघनतेत, हा या मतभेदाचा गाभा होय.

(५) शेवट : दीर्घकाळ गुंतलेल्या खेळाडूचा रोष शेवटावर सर्वाधिक ओढवतो. कॅनडातील बायोवेअर संस्थेचा ‘मास इफेक्ट ३’ (मार्च २०१२) हा खेळ अद्‌भुतरम्य नसून विज्ञानकथेवर आधारलेला आहे. परंतु या संदर्भात तो प्रातिनिधिक ठरला आहे. तीन भागांत घेतलेल्या शेकडो निर्णयांनंतर त्याचे निरनिराळे शेवट जवळजवळ एकसारखेच, केवळ प्रकाशाच्या रंगाने वेगळे दिसले. निषेध म्हणून खेळाडूंनी वर्गणी काढून सु. ४०० छोटे केक संस्थेकडे पाठविले. त्यांवरील साय तीन रंगांची होती, पण चव एकच होती. जून २०१२ मध्ये संस्थेने विस्तारित शेवट विनामूल्य दिला. वाचकांच्या आग्रहाने आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला पुन्हा जिवंत केले, या घटनेची आठवण या प्रसंगी अनेकांनी काढली.

पुण्यातील ‘राजी’ : महाराष्ट्रात निर्माण झालेल्या खेळांपैकी ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ या खेळावर जगभरच्या खेळाडूंनी सविस्तर अभिमते नोंदविली. पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तो तयार केला. काटेकोर वर्गीकरणाने तो भूमिकाखेळ नसून कृतिप्रधान साहसखेळ आहे, कारण त्यात खेळाडूच्या निर्णयाने कथा बदलत नाही. तथापि अद्‌भुतरम्य कथा, तिची नायिका व तिचा प्रवास हाच त्याचा आधार असल्याने त्याची चर्चा कथाप्रधान खेळांच्या संदर्भात होते.

सर्कशीत कसरती करणारी राजी ही मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या गोलू या भावाच्या शोधात निघते, हे या खेळाचे कथासूत्र. महाबलासुर हा असुरांचा अधिपती आहे. दुर्गा व विष्णू ही दैवते निवेदकाचे काम करतात व राजीच्या वाटचालीवर परस्परांत बोलतात. त्रिशूल, धनुष्य व ढाल-तलवार ही तिची आयुधे होत. दृश्यांवर पहाडी चित्रशैलीची व राजस्थानी वास्तूंची छाया आहे. कथेतील दुवे छायाबाहुल्यांच्या रूपात दाखविले आहेत. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे.

२०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा या संस्थेचा प्रयत्न अपुरा पडला. तरीही काम चालू राहून १८ ऑगस्ट २०२० रोजी हा खेळ प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर व १५ ऑक्टोबर २०२० रोजी संगणक व अन्य यंत्रांवर आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्‌स’ या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या गटात त्यास नामांकन मिळाले.

‘राजी’विषयीच्या अभिमतांत एक ठळक विभागणी दिसते. दृश्ये, वास्तुशिल्प, संगीत व पुराणकथांचा वापर यांची जवळजवळ सर्वांनी प्रशंसा केली. उलट लढाईतील हालचाली तुटक आहेत, फटका व त्याचा परिणाम यांत मेळ नाही, खेळ लवकर संपतो व शेवट अर्धवट सोडल्यासारखा वाटतो, हे दोष तितक्याच सातत्याने दाखविले गेले. यापैकी हालचाली व लढाई यांविषयीच्या तक्रारींची दखल घेऊन २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती देण्यात आली. तीत हिंदी संवादही जोडण्यात आले. कथेतील दैवते आधी इंग्रजीत बोलत होती, हे भारतीय खेळाडूस खटकणे स्वाभाविक होते.

या खेळाच्या निमित्ताने अभिमतांचे मूल्य ठरविण्याची एक अडचणही पुढे आली. परदेशी खेळाडूस दुर्गा व महिषासुर यांची कथा सर्वस्वी नवी असते; तिची नवलाई त्याच्या प्रशंसेत मिसळते. भारतीय खेळाडूस ती बालपणापासून ज्ञात असते. त्याच्या प्रशंसेत आपले काही जगाच्या व्यासपीठावर पाहिल्याचा आनंद मिसळतो. दोन्ही प्रतिक्रिया प्रामाणिक असल्या, तरी त्यांत खेळाच्या रचनेविषयीचे मत कितपत आहे, हे वेगळे काढावे लागते. नमनातील कथा जाणणारा कोकणातील प्रेक्षक ज्याप्रमाणे केवळ कथेसाठी खेळ्यास शाबासकी देत नाही, त्याचप्रमाणे परिचित कथेच्या खेळाचे मूल्यमापन अखेर ती खेळविण्याच्या कौशल्यावरच व्हावे लागते. लढाईतील दोष निःसंकोच सांगणाऱ्या खेळाडूंनी ‘राजी’स केलेले साहाय्य, केवळ अभिमानापोटी केलेल्या स्तुतीहून अधिक उपयोगाचे ठरले, हे सुधारित आवृत्तीवरून दिसते.

अभिमते व्यक्त करण्याची साधने : आरंभी पत्रे व खेळविषयक नियतकालिके हीच साधने होती. पुढे खेळांची विक्री संगणकजालावरून होऊ लागली. ‘स्टीम’ या विक्रीव्यवस्थेने २०१३ पासून खरेदीदारास ‘शिफारस आहे’ वा ‘नाही’ एवढ्या दोन पर्यायांत मत देण्याची व त्याखाली विवेचन लिहिण्याची सोय केली. मत देणाऱ्याने तो खेळ किती तास खेळला, हेही तेथे दिसते. ही माहिती महत्त्वाची असते, कारण दोन तासांनंतरचे मत बहुधा हाताळणीविषयी व साठ तासांनंतरचे मत कथेविषयी असते.

मतांच्या शेकडेवारीवर खप अवलंबून राहू लागल्यावर तिचा दुरुपयोगही सुरू झाला. निर्मात्यांवरील अन्य कारणांच्या रोषातून एकाच वेळी हजारो प्रतिकूल मते नोंदविण्याचे प्रकार घडले. त्यावर उपाय म्हणून ‘स्टीम’ने २०१७ मध्ये मतांचा कालानुक्रमे आलेख दाखविण्यास आरंभ केला व २०१९ पासून विषयबाह्य मतांची लाट एकूण गणनेतून वगळण्याचे ठरविले. ‘मेटाक्रिटिक’ने २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाल्यावर पहिले ३६ तास वाचकांची मते न स्वीकारण्याचा नियम केला, खेळ पुरा न खेळताच दिलेल्या मतांस आळा घालणे हा त्याचा हेतू होता.

निर्मितीवरील परिणाम : अपूर्ण अवस्थेतील खेळ आधीच विक्रीस ठेवून खेळाडूंच्या मतांनुसार तो घडविण्याची पद्धतीही रूढ झाली आहे. बेल्जियममधील लॅरियन संस्थेने ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ ऑक्टोबर २०२० मध्ये अशा रीतीने दिला व ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण केला. प्रारंभीच्या प्रात्यक्षिकात खेळाडूची उत्तरे ‘मी असे म्हणालो’ अशा भूतकाळी निवेदनाच्या रूपात होती. ती खेळाडूंना परकी वाटल्याने प्रत्यक्ष संवाद लिहिण्यात आले. खेळ पूर्ण झाल्यावर साथीदार पात्रांचा निरोप घाईने उरकला गेला, अशी तक्रार आली. तेव्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वांच्या पुनर्भेटीचा उपसंहार जोडण्यात आला. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळाचा पुरस्कार याच खेळास मिळाला.

अशा बदलांविषयी दोन मते आहेत. एका मते खेळाडू हा कथेचा सहकर्ता असल्याने त्यास शेवटावर मत देण्याचा अधिकार आहे. दुसऱ्या मते बहुसंख्यांच्या आग्रहाने शेवट बदलू लागल्यास दुःखान्त कथा लिहिणेच अशक्य होईल. एरिथचा मृत्यू मतदानाने ठरला असता, तर तो घडलाच नसता. या दोहोंचा मेळ घालताना हाताळणी, सुस्पष्टता व दिलेले आश्वासन यांविषयीची तक्रार आणि कथेतील दुःखाविषयीची तक्रार यांत भेद करणे श्रेयस्कर ठरते. ‘मास इफेक्ट ३’चा आक्षेप मुख्यतः पहिल्या प्रकारचा होता. शेवट दुःखद आहे एवढेच खेळाडूंचे म्हणणे नव्हते. आपल्या निर्णयांना तेथे स्थान नाही, असे ते म्हणत होते.

मर्यादा : नोंदविली गेलेली अभिमते म्हणजे सर्व खेळाडूंची अभिमते नव्हेत. खेळ मध्येच सोडून देणारे बहुधा काहीच लिहीत नाहीत. मोठ्या खेळांस लागणारे संगणक महाग असतात. ‘बाल्डर्स गेट ३’साठी संगणकात १५० गिगाबाइट एवढी जागा मोकळी असावी लागते. मंडणगडसारख्या डोंगराळ व शहरांपासून दूरच्या तालुक्यातील मुलाच्या हाती सहसा येतो तो भ्रमणध्वनी, आणि त्यावर मोठे कथाप्रधान खेळ क्वचितच चालतात. त्यामुळे शिमग्यात संकासुरामागे धावणाऱ्या व सोंग म्हणजे काय हे उपजत जाणणाऱ्या मुलांचे मत या नोंदींत जवळजवळ येतच नाही. भाषेचीही अडचण आहे. या खेळांचा प्राण संभाषणात असतो. ते परभाषेत असल्यास खेळाडू कथेचा सारांशच तेवढा ग्रहण करतो व त्याचे मत चित्रे आणि लढाई यांपुरते उरते. कथेविषयी सूक्ष्म अभिमत हवे असल्यास ती कथा खेळाडूच्या भाषेत पोहोचणे आवश्यक ठरते.